नकाशाबरोबरची चिठ्ठी

संगणकावरील खेळ हा विषय या पानावर यावा काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. जेथे आपण मैफलींचे वृत्तान्त, नाटकांची परीक्षणे आणि जुन्या घराण्यांच्या दप्तरांतील कागदांची हकिकत वाचत आलो, तेथे राक्षसांवर बंदुका झाडण्याच्या खेळाचे काय काम? माझेही मत परवापरवापर्यंत असेच होते. ते बदलायला एक अगदी लहानसे कारण घडले. सुटीत आमच्याकडे राहायला आलेला भाचा एके रात्री संगणकावर एक जुना खेळ खेळत बसला होता. खेळ त्याच्या जन्माच्याही आधीचा. मी सहज त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो, तर त्याने खेळ थांबवला आणि एक साधा मजकूर उघडून मला दाखवला. "मामा, हे वाचा. हा नकाशा ज्याने केला त्याची ही चिठ्ठी."

चिठ्ठीत नकाशाचे नाव होते, करणाराचे नाव होते. तो कोणत्या साधनाने केला, किती दिवस लागले, कोणाकोणाची मदत झाली, कोठे काय चुकले आहे, हेही प्रामाणिकपणे लिहिले होते. आणि शेवटी दोन ओळी अशा अर्थाच्या होत्या की, हा नकाशा खुशाल कोणालाही द्या, मात्र ही चिठ्ठी जशीच्या तशी त्याच्याबरोबर असू द्या.

ती वाचून मी थोडा वेळ गप्पच झालो. आमच्या घरी वडिलांच्या चिजांच्या वह्या आहेत. वडील अगदी तरुणपणी दरबारच्या गवयांत होते. संस्थान विलीन झाल्यावर उरलेले आयुष्य त्यांनी शिकवण्यात घालवले, आणि मी त्यांचे उतारवयातले अपत्य. त्या वह्यांत चिजा पुष्कळ आहेत. पण कोणती चीज कोणाकडून मिळाली, कोणी बांधली, कोणाला द्यायला हरकत नव्हती, हे फारच थोड्या ठिकाणी लिहिलेले आहे. ते सारे वडिलांच्या स्मरणात होते, आणि त्यांच्याबरोबरच गेले. तेव्हा सातासमुद्रापलीकडच्या हौशी पोरांनी एका खेळाच्या बाबतीत जी शिस्त पाळली, तिची चौकशी करावी असे मला वाटले. चौकशीअंती असे दिसले की ही केवळ जुनी गोष्ट नाही. गेल्या चार-पाच वर्षांत तिच्यावरून बराच वाद माजला आहे आणि तो अजून मिटलेला नाही.

खेळाचे नाव 'डूम'. अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या 'इड सॉफ्टवेअर' नावाच्या एका लहानशा कंपनीने तो १० डिसेंबर १९९३ रोजी विस्कॉन्सिन-पार्कसाइड विद्यापीठाच्या संगणकावर ठेवला. पहिला भाग फुकट, पुढचे हवे असतील तर पैसे पाठवून मागवावेत, अशी योजना होती. याच कंपनीच्या १९९२ सालच्या 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी' या खेळात शौकिनांनी आपली चित्रे घुसवली होती आणि त्यासाठी त्यांना खेळाची अक्षरशः मोडतोड करावी लागली होती. हे पाहून कंपनीचा मुख्य प्रोग्रॅमर जॉन कारमॅक याने 'डूम'ची रचनाच निराळी केली. खेळ चालवणारे यंत्र एकीकडे ठेवले, आणि भिंती, चित्रे, आवाज, नकाशे ही सारी सामग्री दुसरीकडे एका गठ्ठ्यात बांधली. त्या गठ्ठ्याचे नाव 'वॅड'. 'सगळी सामग्री कोठे आहे?' अशा अर्थाच्या इंग्रजी प्रश्नाची ती आद्याक्षरे. आपल्या भाषेत सांगायचे तर वाद्य वेगळे आणि चीज वेगळी. वाद्याला हात न लावता कोणीही त्यावर आपली चीज वाजवावी, अशी ही सोय होती.

सोय झाल्यावर वाजवणारे निघायचेच. जानेवारी १९९४ मध्ये, म्हणजे खेळ बाहेर पडून दोन महिने व्हायच्या आत, नकाशे करण्याचे एक साधन तयार होऊन फुकट वाटले गेले. त्याचे नाव 'डीईयू', आणि ते कंपनीने केलेले नव्हते, खेळाडूंनीच केले होते. त्याच वर्षी एका हौशी कलावंताने 'एलियन्स' या चित्रपटाच्या धर्तीवर खेळाचे रूपच पालटून टाकले. चाहत्यांनी केलेल्या अशा बदलांना 'मॉड' म्हणतात. कंपनीने यात एक अट घातली. ही भर केवळ विकत घेतलेल्या खेळावर चालावी, फुकटच्या पहिल्या भागावर नव्हे. म्हणून या गठ्ठ्यांत सहसा मूळ खेळ नसतो, फक्त नवी भर असते. मूळ ज्याच्याजवळ आहे त्यालाच तिचा उपयोग.

आता हे सगळे टिकले कसे, हा खरा प्रश्न. त्या काळच्या संगणकांवरील किती कामे आज सापडत नाहीत! पहिल्या पिढीच्या हौशी लोकांनी आपली पाने ज्या 'जिओसिटीज'वर मांडली होती, तो सारा पसारा 'याहू'ने ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केला. काही स्वयंसेवकांनी रात्रंदिवस खपून जेवढे उतरवून घेतले, तेवढेच वाचले. 'डूम'चे नकाशे मात्र आजही हजारोंनी मिळतात. याचे श्रेय 'आयडीगेम्स' नावाच्या एका भांडाराला आहे. नव्वदीच्या दशकात हे भांडार कॅलिफोर्नियातील 'वॉलनट क्रीक' या कंपनीच्या संगणकावर होते, आणि त्याच्या प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवलेल्या असत. एक जागा बंद पडली तर दुसरीवरून तिसरी उभी राही. आणि त्या भांडाराचा नियम असा की, ठरलेल्या नमुन्याची चिठ्ठी जोडल्याशिवाय नकाशा दाखल होत नसे.

त्या नमुन्यात एक रकाना फार मार्मिक आहे. दुसऱ्याने हे काम आधाराला घेऊन पुढे आपले काम करावे की करू नये, हे कर्त्याने तेथे लिहायचे असते. 'करावे' किंवा 'करू नये', जे हवे ते ठेवायचे. देणारा आपली अट देण्याच्या क्षणीच सांगून मोकळा होतो. घेणाऱ्याला पुढे कोणाला विचारत बसावे लागत नाही. हे महत्त्वाचे आहे, कारण १९९४ साली विद्यार्थी असलेल्या माणसाचा तेव्हाचा ईमेलचा पत्ता आज चालू असण्याची आशा थोडीच. परवानगी विचारायला माणूस सापडत नाही, पण त्याचे उत्तर चिठ्ठीत शाबूत असते.

चिठ्ठी नसली किंवा कोणी ती बाजूला सारली म्हणजे काय होते, हेही त्याच काळात दिसून आले. फुकट मिळालेले शेकडो नकाशे एका तबकडीत भरून दुकानांत विकायचे, असा धंदा काही कंपन्यांनी मांडला. करणारांना पैसा नाही, आणि पुष्कळदा माहितीही नाही. यातला एक खटला प्रसिद्ध आहे. 'ड्यूक न्यूकेम थ्रीडी' या १९९६ सालच्या खेळाचे खेळाडूंनी केलेले ३०० नकाशे 'मायक्रो स्टार' नावाच्या कंपनीने 'न्यूक इट' या नावाने विकायला काढले. खेळाची मालकी सांगणारी 'फॉर्मजेन' कंपनी आणि ती यांचा वाद न्यायालयात गेला. विकणाऱ्याचे म्हणणे असे की, या नकाशांत मूळ खेळातले एकही चित्र नाही, फक्त कोणते चित्र कोठे ठेवायचे याच्या सूचना आहेत. १९९८ साली अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ते मान्य केले नाही. त्या सूचनांनी जे उभे राहते ते मूळ कथेचाच पुढचा अध्याय आहे, आणि तो विकण्याचा हक्क मूळ मालकाचा, असा निकाल झाला. खेळाडूंनी आपले नकाशे एकमेकांना फुकट द्यावेत, एवढी मुभा मूळ परवान्यात होतीच.

निकाल योग्य असेल. पण माझ्यासारख्या माणसाला त्यात एक गोष्ट खटकते. भांडण दोन कंपन्यांचे होते. ज्या ३०० कामांवरून ते झाले, ती करणारांची बाजू त्यात कोठेच नव्हती. त्यांना विकणाऱ्याने विचारले नाही, आणि निकालाने त्यांच्या पदरात काही पडले नाही. चाहत्याच्या कामाची कायद्यातली स्थिती ही अशी आहे. मूळ मालकाच्या मर्जीवर ते उभे असते. मालकाने डोळेझाक केली तर ठीक, नाही तर एका नोटिशीचे काम. १९९७ साली 'क्वेक' या खेळावर 'एलियन' चित्रपटाचा साज चढवण्याचे एक काम चालले होते. ते 'फॉक्स' चित्रपट कंपनीने नोटीस पाठवून बंद पाडले. तेव्हापासून असे काम बंद पडले की शौकीन मंडळी 'फॉक्स झाले' असे म्हणू लागली.

तथापि मौज अशी की, चोरीच्या मालाच्या त्या तबकड्यांनीच पुढे एक उपकार केला. त्यांच्या हुबेहूब प्रती आज 'इंटरनेट आर्काइव्ह'सारख्या ठिकाणी ठेवलेल्या आहेत, आणि एखादा नकाशा भांडारात नसेल तर शोधणारे तेथे जाऊन धुंडाळतात. नकाशा कधीकधी सापडतो. चिठ्ठी मात्र त्यात असेलच असे नाही. काम वाचते आणि कर्ता हरवतो.

नुसता गठ्ठा सांभाळून भागत नाही, तो वाजला पाहिजे. वाद्यच नाहीसे झाले तर चीज कागदावरच राहील. १९९३ सालचे संगणक आता भंगारातही मिळणे कठीण. या अडचणीवर तोड काढली ती कारमॅकनेच. डिसेंबर १९९७ मध्ये त्याने 'डूम'च्या यंत्राचा मूळ प्रोग्रॅम सर्वांना खुला केला, आणि १९९९ मध्ये तो जीएनयू या मुक्त परवान्याखाली आला. ध्वनीचा भाग दुसऱ्या कंपनीच्या मालकीचा असल्याने तेवढा वगळावा लागला होता, तो शौकिनांनी स्वतः नव्याने रचला. आज या यंत्राच्या कितीतरी आवृत्त्या आहेत. काहींनी खेळात नवे सामर्थ्य घातले. 'चॉकलेट डूम' नावाच्या एका आवृत्तीचा हट्ट उलटा आहे. जुने यंत्र जसे चालत होते तसेच हे चालावे, त्यातले दोषही तसेच राहावेत. जुन्या नकाशांपैकी काही त्या दोषांवरच विसंबून केलेले आहेत, आणि दोष काढला तर ते मोडतात. आपल्याकडे जुन्या ध्वनिमुद्रिका 'स्वच्छ' करताना गवयाचा श्वासही पुसून टाकणारांनी हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

खेळाच्या संगीताची गोष्टही अशीच आहे. ते बॉबी प्रिन्स या संगीतकाराने केले. खेळात साठवलेला आहे तो आवाज नव्हे. कोणता स्वर, कोणत्या वाद्यावर, किती वेळ, एवढ्या सूचनाच त्यात आहेत. एका परीने ती स्वरलिपीच. ज्याच्या संगणकात भारी साउंड कार्ड होते त्याने एक संगीत ऐकले, साधे कार्ड असणाऱ्याने दुसरेच. म्हणून जतन करणारे आता त्या जुन्या कार्डांच्या आवाजाचीही नक्कल करून ठेवतात. मौलाबक्षांनी १८८६ साली ज्या बडोद्यात गायनशाळा काढून लिपीवरून गाणे शिकवायला आरंभ केला, त्या गावच्या माणसाला हे सांगायला नको, की लिपी हाती असली तरी ती ज्या गळ्यातून उतरायची तो गळाही लागतो.

आता ताज्या वादांकडे वळू. ऑगस्ट २०२४ मध्ये 'डूम' आणि 'डूम २' या खेळांची एकत्रित नवी आवृत्ती निघाली. आधी विकत घेणारांना ती फुकट मिळाली, आणि टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांवरही जुने मॉड खेळता येतील अशी खिडकी तिच्यात ठेवली होती. एवढ्या लोकांपर्यंत ही कामे पूर्वी कधी पोचली नव्हती. पण त्या खिडकीतून कोणीही कोणाचेही काम चढवू शकत होता, आणि यादीत नाव दिसे ते चढवणाराचे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची कामे परक्याच नावाने दिसू लागली. तक्रारी झाल्या. त्यावर, तक्रार आली म्हणजे आम्ही ते काम काढून टाकू, असे सांगण्यात आले. म्हणजे कर्त्याने आपले काम कोणी चोरले काय हे रोज जाऊन पाहावे. आणि जो कर्ता आज हयात नाही, त्याने काय करावे?

दुसरा वाद त्याआधीचा. जुलै २०२१ मध्ये 'नेक्सस मॉड्स' या इंग्लंडातील फार मोठ्या भांडाराने जाहीर केले की, यापुढे कर्त्याला आपले काम तेथून कायमचे पुसता येणार नाही. ते दृष्टीआड करता येईल, पण भांडारात राहील. कारण असे की, अनेक मॉड एकमेकांवर आधारलेले असतात, आणि एक काढला तर त्यावर उभे असलेले दहा कोसळतात. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी ५ ऑगस्टपर्यंत आपली कामे काढून न्यावीत, अशी मुदत दिली. काहींनी रागाने आपली वर्षानुवर्षांची कामे खरोखरच काढून नेली. जतनासाठी केलेल्या नियमानेच काही कामे गेली.

यात बरोबर कोण? भांडाराचा युक्तिवाद खोटा नाही. वीट काढली की भिंत पडते. कर्त्यांचे दुःखही खोटे नाही. आपल्या हातचे काम आपल्याला मागे घेता येऊ नये हे कोणाला आवडेल? मला वाटते, निवाडा त्या जुन्या चिठ्ठीतच आहे. एकदा मोकळ्या मनाने दिलेली वस्तू मागे घेता येत नाही, हे तत्त्व मी मान्य करतो. शिष्याला दिलेली चीज गुरूला तरी परत कोठे घेता येते? पण देताना ते ठाऊक असले पाहिजे. 'डूम'च्या नकाशाकाराने आपल्या हाताने लिहिले होते की हे वाटा. 'नेक्सस'च्या कर्त्यांना वस्तू दिल्यानंतर कळले की ती आता परत मिळायची नाही. पहिल्यात अट देणाराची होती, दुसऱ्यात ती कोठीवाल्याची झाली. जून २०२५ मध्ये त्या भांडाराच्या संस्थापकाने ते नव्या मालकांच्या हाती सोपवल्याचे जाहीर केले. नवे मालक चांगलेही असतील. पण हजारो लोकांची कामे एका कोठीत असली, की कोठीची किल्ली कोणाकडे गेली याची काळजी सर्वांना करावी लागते. 'डूम'च्या भांडाराच्या प्रती अनेक हातांत होत्या, म्हणून तेथे ही काळजी कमी होती.

कायद्याची साथ अजून मिळालेली नाही. २०२३ साली 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या संस्थेने पाहणी करून दाखवले की, २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात विकत मिळत नाहीत. मूळ खेळच मिळत नसेल तर त्यावरची भर कशावर चालवायची? ग्रंथालयांना असे दुर्मिळ खेळ अभ्यासकांना दूर बसून पाहू देण्याची सवलत मिळावी, अशी मागणी होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती अमेरिकेत नाकारली गेली. दुर्मिळ पोथीची प्रत अभ्यासकाला घरबसल्या मिळू शकते, खेळ मात्र ग्रंथालयात जाऊनच पाहायचा. 'डूम' अजून विकत मिळतो, हे त्याच्या चाहत्यांचे भाग्य. पुष्कळ खेळांचे तसे नाही.

मग या पोरांच्या अनुभवातून हाती काय लागते? मला तीन गोष्टी दिसतात. वस्तूच्या प्रती अनेक हातांत असाव्यात. ती चालवण्याचे साधन जिवंत ठेवावे. आणि कर्त्याचे नाव व त्याची अट वस्तूपासून तुटू देऊ नये. पहिल्या दोहोंची काळजी यंत्रे घेतील, किंवा यंत्रे जाणणारी हुशार मुले घेतील. तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त, आणि तीच आधी गळते.

जुन्या रचनाकारांनी यावर एक युक्ती केली होती. ते आपले नाव चिजेतच गुंफत. सदारंगांची मुद्रा ख्यालाच्या शब्दांत असते. आपल्या दरबारचे फैयाजखाँसाहेब 'प्रेमपिया' या नावाने चीज बांधत. ते नाव काढू गेले तर ओळच लंगडी होते, म्हणून सहसा कोणी काढत नाही. कागद हरवला, वही वाळवीने खाल्ली, तरी गाणाऱ्याच्या तोंडून नाव येतेच. नकाशाची चिठ्ठी अशी गुंफलेली नाही. ती शेजारी ठेवलेली आहे, आणि शेजारी ठेवलेली वस्तू सहज बाजूला पडते. २०२४ च्या त्या खिडकीत नेमके हेच झाले. तेव्हा जे कोणी असली नवी भांडारे बांधत असतील, त्यांनी ती चिठ्ठी वस्तूच्या पोटातच शिवून टाकावी. काम उघडले की नाव आधी दिसावे. यासाठी मोठा खर्च लागत नाही. ज्याचे काम त्याचे नाव, एवढे मनात असले म्हणजे पुरे.

असो. भाचा सुटी संपवून परत गेला. जाताना मी त्याला विचारले, "त्या नकाशावाल्याला तू कधी पत्र लिहिलेस का?" तो म्हणाला, "लिहिले होते. पत्ता बंद आहे." मग थोडे थांबून म्हणाला, "पण मित्राला नकाशा दिला तेव्हा चिठ्ठीही दिली."

त्या दिवसापासून वडिलांच्या वह्या मी पुन्हा काढल्या आहेत. ज्या चिजांबद्दल मला काही आठवते, किंवा वडिलांच्या शिष्यांपैकी कोणाला आठवते, तेथे समासात शिसपेनने लिहीत जातो : अमक्यांकडून मिळाली, अमक्यांनी बांधली असे वडील म्हणत. जेथे काहीच आठवत नाही, तेथे तसेच लिहितो. आपल्यापैकी ज्यांच्या घरी अशा वह्या असतील, त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना हे प्रश्न आजच विचारावेत. उत्तरे देणारी माणसे आहेत, तोवरच ती मिळणार आहेत.